घंटी वाजली की पळायचं

वाऱ्यानं छत्री उलटी केली आणि इनास नेमकी अशा दुकानात शिरली, जिथे ती एरवी मेली तरी शिरली नसती.

मकनसा आला होता. मकनसा म्हणजे केरसुणी. अलेक्झांड्रियात हिवाळ्यातल्या प्रत्येक वादळाला आपापलं नाव असतं, आणि नोव्हेंबरातली ही केरसुणी समुद्रावरून येते ती रस्ते झाडतच. त्या दुपारी तिनं इनासला झाडून आणलं ते थेट बासिमच्या दुकानात. तिथे तासावर व्हिडिओ गेम खेळायला मिळत. आत मिसरूड फुटलेल्या पोरांचा नुसता गोंगाट चालला होता, तो एकदम थांबला. निम्मी पोरं तिच्याच इतिहासाच्या वर्गातली होती. दोघांनी तर दप्तरामागे तोंड लपवलं.

"या, मिस," गल्ल्यामागचा तरुण उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं. "छत्रीला फारच लागलेलं दिसतंय."

"छत्र्या दुरुस्त करता का?"

"छत्र्या नाही. इथे फक्त अडकलेली माणसं सुटतात. कोणी पुलावर अडकतं, कोणी राक्षसाच्या गुहेत..."

इनास केसांतलं पाणी निपटता निपटता थांबली. विचारावं की न विचारावं—

"मग माझ्या बाबांना सोडवाल?"

तिचे बाबा, उस्ता म्हणजे उस्ताद फिक्री, जन्मभर शहरातली रम्लची ट्राम चालवून निवृत्त झालेले. आई गेली तेव्हापासून त्यांनी खुर्ची धरली होती. खायला दिलं तर खात, विचारलं तर मान हलवत, बस्स. मग एके दिवशी कपाटातून इनासच्या भावाचा जुना गेम निघाला. भाऊ नोकरीसाठी मस्कतला. त्याचा गेम धूळ खात पडलेला. बाबांनी तो सहज लावला. एक म्हातारा हातात दिवा घेऊन दीपगृहाकडे निघालाय, वाटेत नाना संकटं, असा काहीसा खेळ. त्या संध्याकाळी बाबांनी मान वर करून विचारलं, "चहा आहे का?" आपणहून! इनास स्वयंपाकघरात जाऊन रडली होती.

आणि आता तो म्हातारा एका झुलत्या पुलावर अडकला होता. रोज पूल कोसळायचा, रोज म्हातारा समुद्रात. बाबा पुन्हा गप्प होत चालले होते.

बासिमनं सगळं ऐकून घेतलं. थट्टा केली नाही. "शुक्रवारी नमाज झाली की येतो," एवढंच म्हणाला.

तो आला, बाबांशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. पडद्यावर म्हातारा पुलापाशी पोचला. कुठूनशी घंटी वाजली... आणि म्हातारा जागच्या जागी थांबला. पूल कोसळला.

"काका," बासिम हळूच म्हणाला, "घंटी वाजली की तुम्ही थांबता का?"

"मग काय करू? जन्मभर मागून कंडक्टरची घंटी वाजली की ब्रेक मारलाय मी! न थांबता गेलो असतो तर अर्धं शहर चिरडलं असतं!"

"पण इथे घंटी म्हणजे पूल पडणार असं सांगणं आहे. घंटी वाजली की पळायचं, काका!"

उस्ता फिक्रींनी त्याच्याकडे पाहिलं. मग डोळे घट्ट मिटून बटण दाबलं. म्हातारा पळाला! पूल मागे कोसळत गेला आणि बाबा हसले. मोठ्यांदा, दात दिसेपर्यंत. इनास कपबशा घेऊन दारातच थांबली. बासिमनं वळून तिच्याकडे पाहिलं, ती त्याच्याकडे पाहत राहिली... आणि तिला वाटलं, या माणसाचे उपकार आपण कुठे फेडणार!

गेम संपला. बासिम दुसरा भाग घेऊन आला. दुसऱ्या भागात बाबा आणखीच वाईट अडकले. मग दर शुक्रवार ठरून गेला. बाबा आत अडकलेले, आणि इकडे गॅलरीत बासिम आणि इनास, हातात सहलबचे, म्हणजे गरम, दाट, गोड दुधाचे पेले.

"तुमचे बाबा दिवसेंदिवस कच्चे होत चाललेत, मिस इनास."

"शिकवणारा कच्चा असेल."

"शिकवणाऱ्याचं लक्ष लागत नाही."

"का बरं?"

"ते... दालचिनी फार छान पडलीय यात," तो पेल्यात बघत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

एकदा मात्र तो बोलला. "दुसरा भाग कधी चांगला निघत नाही. पहिला मन लावून केलेला असतो, दुसरा नुसता खपवायला. म्हाताऱ्याची टोपी बदलतात आणि म्हणतात, घ्या नवीन! मला तर आता नव्या भागाची पेटीसुद्धा उघडवत नाही." मग थांबून, खाली रस्त्याकडे पाहत तो म्हणाला, "माझा एकदा साखरपुडा होऊन मोडलाय. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

इनासला कळलं, तो गेमबद्दल बोलत नव्हता. तिला त्याचा राग आला आणि मायाही आली. पण मुलीनं आपणहून काय बोलायचं? ती पेले घेऊन आत गेली.

हिवाळा सरत आला. बाबा तिसऱ्या भागाच्या पहिल्याच दरवाजापाशी कधीचे अडकून पडले होते. अशात आत्यानं एक स्थळ आणलं. कुवेतमधला दातांचा डॉक्टर, फोटोत सगळे दात दाखवणारा. शुक्रवारी उत्तर हवं होतं.

त्या शुक्रवारी मार्चातलं अव्वा वादळ धडकलं. अव्वानंतर वादळ नाही, असं कोळी म्हणतात. बासिम निथळत आला. इनासनं गॅलरीच्या दारात त्याला सहलब दिलं, डोळे वर केले नाहीत.

"आज आत्याचा फोन येईल," ती म्हणाली. "कुवेतला हो म्हणायचं की नाही ते सांगायचंय."

बासिमनं पेला खाली ठेवला. "आणि... तुम्ही काय सांगणार?"

"मला कुणी दुसरं काही विचारलेलं नाही."

तो ओठ उघडून उभा राहिला. बंद केले. पुन्हा उघडले...

"बस्स झालं!" आतून बाबा गरजले.

दोघं धावत आत गेले. बाबांनी रिमोट हातात धरला होता. पडद्याकडे न बघता, बासिमच्या डोळ्यांत डोळे घालून त्यांनी चटाचट बटणं दाबली. दरवाजा उघडला, म्हातारा आत शिरला, जिना चढला, दिवा पेटला. संगीत वाजू लागलं.

"काका! तुम्हाला... येत होतं?"

"दुसरा भाग केव्हाच संपवलाय मी. हाही संपवलाय. इतका टुकार खेळ उभ्या जन्मात पाहिला नाही! पण दर शुक्रवारी माझी पोर दोन-दोनदा केस विंचरते, ते बापाला दिसत नाही होय? म्हणून बसलो अडकून. पण आता माझाही धीर सुटला. आणखी एक शुक्रवार हे सोंग माझ्याच्यानं होणार नाही. पोरा, घंटी वाजतेय, आणि तूच ब्रेक मारून उभा!"

"काका, माझा एकदा..."

"गॅलरीतलं सगळं आत ऐकू येतं मला. तुझा पहिला भाग हिनं पाहिलाय कुठे? हिच्या लेखी हाच पहिला."

बासिम वळला. "इनास," तो म्हणाला. 'मिस' गळून पडलं होतं. "मला तू हवी आहेस. त्या दिवशी उलटी छत्री घेऊन आलीस ना, तेव्हापासून. तू हो म्हणशील?"

"मी कधीपासून अडकलेय," इनास म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "सोडवायला इतका उशीर लावतात का?"

"जा, तुझ्या आईला घेऊन ये," बाबा म्हणाले. "फातिहा वाचून आजच लग्न पक्कं करू."

"आत्ता? या वादळात?"

"घंटी वाजली की काय करायचं?"

"पळायचं, काका!" आणि तो खरंच पळाला. छत्री दारातच राहिली.

इनास गॅलरीतून पाहत होती. बासिम डबकी तुडवत, रस्त्यावरच्या माणसांना धडकत, माफी मागत धावत सुटला होता. तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला तशी ती आत आली आणि बाबांचे हात हातात घेऊन तिनं त्यांच्यावर ओठ टेकले. त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं, आणि मग कपाटातून जुना पहिला भाग काढून परत लावला.

म्हातारा दिवा घेऊन वाटेला लागला.

"चहा आहे का?" बाबांनी विचारलं.