मास्तरांची भिंत

“काकू, बाहेर या! आत्ताच्या आत्ता!”

गवंडी बिस्त्रीक अशी हाक कधी मारत नसे. थेट स्वैपाकघरात शिरून कॉफी मागत असे. इर्मा पिठाच्या हातांनी तशीच धावली.

तो रस्त्याकडच्या भिंतीपाशी उभा होता. हातात थर्मोकोलचा ठोकळा, ठोकळ्याच्या पाठीला गिलाव्याचा जाड पापुद्रा. आणि भिंतीत, ठोकळा होता त्या जागी, विटेपर्यंत खड्डा. असे चार खड्डे.

“संपलं,” तो म्हणाला. “ही भिंत धरत नाही, काकू. सगळा गिलावा खरवडून काढावा लागेल.”

इर्माने पिठाचे हात एप्रनला पुसले.

गेलं वर्षभर घरात दुसरा विषय नव्हता. थंडी आणि ओल अडवायला घराला बाहेरून थर्मोकोलची दुलई चढवायची आणि वर नवा गिलावा. तीन बाजूंबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. पण रस्त्याकडच्या भिंतीवर इर्माच्या वडिलांनी, शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी, लग्नाची वरात कोरली होती. खाली काळा गिलावा, वर पांढरा, आणि पांढरा ओला असतानाच खरवडून उमटवलेली काळी माणसं: वाजंत्री, करवल्या, स्वागताचा पाव घेतलेली वरमाई. नवरी म्हणजे तरुण इर्मा. नवरा म्हणजे ल्युबोश, ज्याच्याशी तिचं ठरलं होतं आणि मोडलं. “माझ्या बायकोचं लग्न बघायचंय? या, रस्त्यावरून फुकट दिसतं,” असं तिचा नवरा ग्रेगोर पाहुण्यांना सांगे आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसे.

आज दुपारी वारसा खात्याची बाई येणार होती. भिंत मजबूत निघाली तर चित्राला सरकारी संरक्षण. नाहीतर छिन्नी.

भिंत तपासायची रीत साधी. थर्मोकोलचे ठोकळे गोंदाने चिकटवायचे, गोंद पक्का वाळू द्यायचा, मग ओढायचे. थर्मोकोल मधूनच फाटला तर भिंत पास. गिलावा उखडून आला तर नापास. बिस्त्रीकने सोमवारी वरातीच्या कडेला, मोकळ्या पांढऱ्या जागेत ठोकळे लावले, तेव्हा इर्मा त्याच्या मानगुटीवरच उभी होती.

“किती जोर लावलास?” तिने विचारलं.

“जोर कसला? नुसता हात लावला नि चारही गळून पडले.”

“उरलेला गोंद कुठे ठेवला होतास सोमवारी?”

“फाटकाशी. बादली आणि थर्मोकोलचे तुकडे. दुसऱ्या दिवशी नेले.” बिस्त्रीकचा चेहरा पडला. “काकू, तुम्ही माझ्यावर तर...”

“सगळी भिंत झाकायची म्हणजे तुला काम जास्त. म्हणून विचारतेय.”

“मला काम भरपूर आहे हो! आणि मास्तरांनी मला शिकवलंय. कान पिळून शिकवलंय, पण शिकवलंय.”

तेवढ्यात ग्रेगोर सपाता फटफटवत आला. खड्डे पाहून त्याने टोपी काढली, मग इर्माच्या खांद्यावर हात टाकला. खात्याकडचा अर्ज त्यानेच टाइप केला होता, फोटो त्यानेच काढले होते, ही भिंतही झाकायचीच म्हणणाऱ्या सुनेशी भांडणं झाली तेव्हा इर्माच्या बाजूने तोच उभा राहिला होता. तो हात खांद्यावर पडला आणि इर्माला रडू आलं.

“तू जेवढं करायचं तेवढं केलंस गं,” तो म्हणाला. “आता सोड. त्या बाईसाठी मी हॅम कापून आणतो.”

खिशातली किल्ली वाजवत तो अंगणापलीकडे गेला. तिथलं उन्हाळी स्वैपाकघर आता त्याचं राज्य होतं: धुरी दिलेलं हॅम, आलुबुखाराच्या दारूच्या बाटल्या. मुलगा बाटल्या पळवतो म्हणून किल्ली ग्रेगोर झोपतानासुद्धा उशीखाली घेई.

इर्माने डोळे पुसले. विमा कंपनीसाठी तिने अर्धं आयुष्य जळालेल्या कोठारांची चौकशी केली होती. आपोआप काही जळत नाही आणि आपोआप काही गळूनही पडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने ठोकळे एप्रनमध्ये गोळा केले आणि वरच्या मजल्यावर सुनेकडे गेली.

ब्लांका बाळाला भरवत होती. तिने सासूकडे पाहिलं, एप्रनकडे पाहिलं.

“आलात का मला धरायला?”

“सोमवारपासून तू भिंतीपाशी गेली होतीस?”

“रोज जाते. आतून. हे बघा.” पाळण्यामागे कोपऱ्यात काळी बुरशी होती. “बाळ रात्रभर खोकतं. ती भिंत झाकायला हवी हे मी तुमच्या तोंडावर सांगितलंय, नाताळच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगितलंय, आई. मला चोरून काही करायची गरजच काय?”

इर्माला ते पटलं. ब्लांका भांडखोर होती. पण भांडायची ती समोरून.

खिडकीच्या उजेडात इर्माने एक ठोकळा उलटा केला. गोंद. गोंदाखाली नखाएवढी बारीक निळी रेघ. तिच्याखाली भुसभुशीत करडा गिलावा, बोटाने चोळला की वाळू. तिने दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग खाली जाऊन भिंतीतल्या खड्ड्यांच्या कडा पाहिल्या, बोट फिरवून पाहिल्या, आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. हे खोटं निघू दे, असं तिला मनापासून वाटत होतं.

ग्रेगोर हॅमचं ताट घेऊन आला.

“किल्ली दे,” इर्मा म्हणाली.

“काय हवंय? मी आणतो ना.”

“किल्ली दे, ग्रेगोर.”

ती एकटीच उन्हाळी स्वैपाकघरात गेली. दारूचं पिंप ढकलून तिने मागची ओलसर भिंत पाहिली, आणि आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. तिने सगळ्यांना घरातल्या स्वैपाकघरात बसवलं: बिस्त्रीक, बाळाला कडेवर घेतलेली ब्लांका, ग्रेगोर. ठोकळे टेबलावर मांडले.

“बिस्त्रीक, मास्तरांच्या भिंतीचा तुकडा उखडला तर पाठीला काय दिसायला हवं?”

“पांढरं. मग काळं...” तो थांबला. त्याने ठोकळा उचलला. “अरे देवा! ह्यात काळा थर नाहीच.”

“खड्ड्यांच्या कडांना आहे. ठोकळ्यांना नाही. म्हणजे हे ठोकळे त्या भिंतीचे नाहीतच. तुझे ठोकळे कोणीतरी कापून काढले, छिन्नीने खड्डे पाडले, कारण तो गिलावा दगडासारखा आहे, सुखासुखी निघत नाही. आणि हे त्यात नुसते टेकवून ठेवले. म्हणून हात लावताच पडले.”

“मग हे कुठले?” ब्लांकाने विचारलं.

“निळी रेघ बघ. माझी आई चुन्यात नीळ घालायची, माशा बसत नाहीत म्हणून. तसा हात आता एकाच खोलीत उरलाय, उन्हाळी स्वैपाकघरात. गोंद वाळायला वेळ लागतो, म्हणजे सोमवारीच फाटकाशी उरलेल्या गोंदाने ठोकळे तिथे चिकटवले गेले. ओल आलेल्या भिंतीवर, गिलावा हमखास सुटेल अशा जागी. पिंपामागे चार चौकोन उखडलेत, मी आत्ता बघून आले.” तिने किल्ली टेबलावर ठेवली. “आणि ह्या किल्लीला जोड नाही.”

बाळ हॅमकडे हात करत होतं.

“तू अर्ज टाइप केलास,” इर्मा म्हणाली. “माझ्यासाठी सुनेशी भांडलास. आज सकाळी मला जवळ घेतलंस. का रे?”

ग्रेगोरने पहिल्यांदाच मान वर केली. “लग्न होऊन ह्या घरात आलो त्या दिवसापासून मी त्या ल्युबोशच्या पायाखालून आत शिरतोय. तुझ्या बापाने मला चितारलं नाही. गाव अजून पत्ता सांगतं, मास्तरांचं घर. मी छप्पर घातलं, नळ आणले, ह्या भिंतीवर मी कुठेच नाही! वाटलं, एकदा सगळं झाकलं गेलं की...”

“मला सांगायचं होतंस.”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“हो, म्हणाले असते. पण तोंडावर म्हणाले असते. ब्लांका वर्षभर माझ्याशी भांडली, आणि तिला मी वैरी समजत होते. तू माझ्या बाजूने उभा होतास, आणि भिंतीत काय आहे हे एकदासुद्धा नीट बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर काळा थर विसरला नसतास.” “मला आता तुझा हात खांद्यावर नको.”

फाटकाशी गाडी थांबली. वारसा खात्याची बाई उतरून वर भिंतीकडे बघत उभी राहिली.

बिस्त्रीक घाईने उठला. “काकू, भिंत एकदम ठणठणीत आहे, मी सांगतो त्यांना. बाळाच्या खोलीला आतून दुलई लावू, बुरशी जाईल. आणि खड्डे मी दोन थरांत असे भरतो की मास्तरांनाही कळणार नाही.”

“खोलीचं उद्याच सुरू कर,” इर्मा म्हणाली. “विटेत पाणी जाऊ नये एवढंच खड्ड्यांना लाव. पण ते भरू नकोस, तसेच दिसू देत.”

“तसेच? का?”

इर्माने एप्रन सोडला आणि दाराकडे निघाली. जाताना नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

“ह्या भिंतीवर त्याचं काहीच नव्हतं ना? आता आहे.”