पाहुण्यांसाठी गार गाडी

भर दुपारी कशेळ्याच्या नाक्यावर एक पांढरी गाडी जितेशच्या गॅरेजपुढे थांबली आणि आतून घामाघूम समिधा उतरली. जितेशच्या हातातला पाना हातातच राहिला. कळंबच्या भातगिरणीवाल्यांची ही मुलगी. शाळेत दोघं एकाच वर्गात होते.

"एसी गार होत नाय रे... आत नुसती भट्टी हाय."

"बघतो की. घाई हाय का?"

"उद्या मोहोपाड्याचे पाहुणे येणार, मला बघायला. कर्जत स्टेशनवरनं त्यांना आणायचंय. बाबा म्हणतात, गाडी गार पाहिजे."

जितेशने बॉनेट उघडलं आणि तोंड त्यात लपवलं. गेली दोन वर्षं तो घरचं भात तिच्याच गिरणीत भरडायला नेत होता. सगळ्या गोण्या एकदम नाही, दर आठवड्याला एकच. बोलला मात्र कधी नव्हता. आणि आता तिचा होणारा नवरा ज्या गाडीतून येणार, ती त्यानेच गार करायची!

समिधा स्टुलावर बसली. "एक विचारू? कशेळ्यात गिरणी असताना तू कळंबला का येतोस? तेही एकेक गोणी घेऊन?"

"दोन उचलल्या की... पाठ दुखते."

"सव्वीस वर्षांच्या पोराची पाठ!" ती खळखळून हसली.

तो कानापर्यंत लाल झाला. "गाडी पळताना गार लागते का?"

"जरा लागते. थांबली की गरम. गॅस भरून आणला, तरी तेच."

"लावता कुठं?"

"गिरणीमागं. सावली असते ना."

"आणि तूसही तिथंच उडतं." त्याने पुढची जाळी काढली. आतला कंडेन्सर तुसाने गच्च भरला होता. "गॅसचा काय दोष? गाडीचं नाकच चोंदलंय."

त्याने आतल्या बाजूने हवा मारली. तूस भसाभसा उडालं, तिच्या केसांत बसलं. त्याने हात पुढे केला... आणि मागे घेतला.

"काढ ना," तिने मान खाली घातली.

त्याने एकेक कण काढला. अगदी सावकाश.

मग दोघं गाडीत बसले. गाडी जागेवर उभी, तरी वारा थंडगार. समिधाचा चेहरा मात्र उतरला.

"एवढं नीट कशाला केलंस? तशीच ठेवली असतीस तर पाहुणे अर्ध्या वाटेतनं पळाले असते."

"खोटं काम जमत नाय मला."

"मग खरं बोल की रे! किती वाट बघू?"

समोरच्या काचेकडे बघत जितेश एका दमात म्हणाला, "तू दुसऱ्याच्या घरी गेलीस तर मला सोसणार नाय. माझ्या घरी ये."

समिधाने तिथंच फोन लावला. "बाबा, मोहोपाड्याला कळवा, उद्या येऊ नका."

"का गं? एसी झाला नाय का?" पलीकडचा आवाज जितेशलाही ऐकू आला.

"एसी झाला. नवरा बदललाय."

"काय? कोण हाय तो?"

"शेजारीच बसलाय. घेऊन येते आत्ता."

एसी फुल होता, तरी जितेशला दरदरून घाम फुटला.