भेगेवरची काच

चंदन मला पहिल्यांदा दिसला तो माझ्या आरोग्य उपकेंद्राच्या दारावर लाल फुली मारताना. मी समोरच्या मोहाच्या झाडाखाली बसून भागीरथाबाईंचं बीपी मोजत होते. पट्टा त्यांच्या दंडावर तसाच सोडून उठले.

तीन दिवसांपूर्वी भूकंप झाला होता. मी गडचांदूरची. खाणीतल्या सुरुंगांनी घरातली भांडी वाजतात, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. म्हणून इथे कोसमटोल्यात जमीन हादरली, तेव्हा मी औषधांचा ट्रे एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने लिहीत राहिले. सगळं गाव पळताना दिसलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. गावातली कुडाची घरं जशीच्या तशी राहिली आणि भेग पडली ती नेमकी आमच्या सिमेंटच्या बाळंतपणाच्या खोलीला. तिच्यामागची माझी राहायची खोली तेवढी वाचली. तपासण्या, गोळ्या, तापाच्या रोग्यांचं रक्त घेणं, सगळं मी मोहाखाली आणलं. पण बाळंतपण झाडाखाली कसं करायचं? सुकलूभाऊंच्या नातीला, कमलाला, पाच आठवडे राहिले होते. तिचं पहिलं बाळ बत्तीस किलोमीटरवरच्या दवाखान्याच्या वाटेतच गेलं होतं. या वेळी मी ते होऊ देणार नव्हते.

"फुली कोनाले विचारून मारली?" मी विचारलं.

"भेगेले विचारून," तो म्हणाला. त्याच्या कपाळावरही लाल रंग लागला होता. जिल्हा परिषदेचा इंजिनिअर, गाव झाडीपट्टीच्या नाटकांचं वडसा.

"वडसाचे आहात ना... नाटक अंगातच असंल."

तो रागावला नाही, हसला. मग नीट समजावून सांगितलं. भेग थांबली की अजून सरकते आहे, हे पाहायला हवं. तिच्यावर आडवी काच चिकटवायची. भेग सरकली तर काच तडकेल. चार आठवडे टिकली, तर दार उघडता येईल. फक्त काचेच्या पट्ट्या तालुक्याला राहिल्या होत्या. मी डब्यातून मलेरियाच्या रक्तनमुन्याच्या दोन स्लाईड काढून दिल्या. त्याने एक उजेडात धरली आणि तिच्यातून माझ्याकडे पाहिलं... काच तपासायला लागतं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ. मग एक भिंतीच्या आत चिकटवली, एक बाहेर, आणि दोन्हींवर तारीख लिहिली.

तो दर सोमवारी यायचा. काच पाहायला दोन मिनिटं पुरायची, पण मी त्याला रिकामा बसू देत नसे. बाळं जोखायचा काटा त्याने मोहाच्या फांदीला बांधून दिला, पाणी भरलं, रडणाऱ्या पोरांना खेळवलं. सरळच सांगते, मला तो आवडायला लागला होता. रविवारी केस धुवायची सवय मला आधी नव्हती.

तिसऱ्या सोमवारी आमची आशाताई रीना कानाशी येऊन म्हणाली, एक काच फुटली तर साहेबांना आणखी महिनाभर यावं लागेल. मी तिला दटावलं. पण तो गेल्यावर आतल्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. एक टिचकी पुरली असती... बाहेर कमला वजनासाठी थांबली होती. मला सोमवार हवे होते, तिला खोली हवी होती. मी हात मागे घेतला आणि तिचं वजन करायला गेले.

शेवटच्या सोमवारी दोन्ही स्लाईड शाबूत होत्या. चंदनने त्यांच्यावरची धूळ अंगठ्याने पुसली, तारीख वाचली आणि कागदावर सही केली. फार सावकाश केली.

"झालं तुमचं काम," मी म्हणाले.

"झालं... आता इकडं याले कारन नाई राह्यलं."

आम्ही दोघांनी रॉकेलच्या फडक्याने दारावरची फुली पुसली. पण दार उघडलं तरी कोणी पायरी चढेना. सुकलूभाऊ कमलाचा हात धरून खालीच उभे होते. कागद काही छताखाली झोपत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"साहेब," त्यांनी विचारलं, "तुह्या घरची बाई ठेवशीन का या खोलीत?"

चंदनचे कान लाल झाले.

"घरची बाई नाई मले, भाऊ. पन जिले विचारनार आहो — ती याच्याच मांगच्या खोलीत राह्यते. भेग सरकत असती, तर सही केली असती का मी?"

सगळं गाव माझ्याकडे वळलं. भागीरथाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. सुकलूभाऊ मात्र गंभीर होते.

"आन् सिस्टर काय म्हन्ते?"

मी पायरी उतरून कमलाचा हात धरला.

"सिस्टर म्हन्ते, आधी कमलाले तपासू द्या. मंग साहेबानं विचारावं. सोमवारची वाट पाहाची गरज नाई."

कमला माझ्यामागे पायरी चढली. तिच्या पोटातल्या बाळाचे ठोके मी त्या खोलीत ऐकले, छान होते. बाहेर आले तर चंदन पायरीवरच बसलेला, हातावरचा लाल रंग पुसत. त्याने विचारलं. त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून बसले.

पुढच्या आठवड्यात कमलाला त्याच खोलीत मुलगी झाली. गुरुवार होता, तरी चंदन आला होता. पोरगी अशी काही रडली, की तो बाहेर दचकून उठला आणि आधी भिंतीवरची काच पाहून आला.

काच शाबूत होती.