साहेबांचा बुधवार

काळ्या चटईत माणूस पडू शकतो, यावर उत्तरा पांढरीपांडेचा विश्वास नव्हता. तिच्या वडिलांचा होता. आणि म्हणूनच एप्रिलमधल्या एका बुधवारी रामदासपेठेतल्या त्या छोट्या खनिज संग्रहालयाचे दार बावीस मिनिटे अडून राहिले होते. बावीस हा अंदाज नव्हता. तिने घड्याळ पाहिले होते.

डॉक्टरांना यायला तास लागणार होता, बाहेर चव्वेचाळीस अंश होते, आणि संग्रहालयाच्या दारातून ओल्या वाळ्याचा वास येत होता. एवढ्याच कारणाने ती वडिलांना घेऊन या गल्लीत वळली होती. पण मधुसूदनराव उंबऱ्यापाशी थबकले ते थबकलेच. दोन्ही हात आडवे पसरून त्यांनी मागच्या चार माणसांनाही थोपवले.

"पुढे येऊ नका! शाफ्ट उघडा आहे."

"बाबा, ते पायपुसणं आहे," उत्तरा अकराव्यांदा म्हणाली.

भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या खाणीत एकतीस वर्षे सर्व्हेअर म्हणून काढलेल्या माणसाला पायपुसणे आणि खाणीचे तोंड यांतला फरक कळू नये, याचे कारण गेल्या चार वर्षांच्या वैद्यकीय कागदपत्रांत होते. स्मृतिभ्रंश हा शब्द त्यात नऊ वेळा आला होता.

"आजोबा, या ना आत! काहून थांबले? गरम हवा आत घुसून राहिली ना!" दारावरच्या पार्वतीबाई कुरकुरल्या.

तेवढ्यात आतून एक तरुण आला. हातात धूळ झटकायचा ब्रश, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याने आधी चटईकडे पाहिले, मग मधुसूदनरावांच्या बुटांकडे. मग तो उंबऱ्याबाहेर येऊन त्यांच्या शेजारी चक्क उकिडवा बसला आणि चटईकडे पाहत राहिला.

"खोल आहे का, साहेब?"

"शंभर फूट तरी. आणि कठडा नाही! शिफ्ट कोणाची आहे?"

"माझीच, साहेब."

"मग लाज वाटायला पाहिजे तुम्हाला."

"वाटून राहिली, साहेब." त्याने चटईची गुंडाळी केली आणि भिंतीशी उभी ठेवली. खाली फिकट, स्वच्छ फरशी होती. "घ्या. बुजवला."

मधुसूदनरावांनी बुटाच्या टोकाने फरशी ठोकून पाहिली, मान डोलावली आणि ते आत गेले.

उत्तरा मात्र दारातच उभी होती.

"हे तर खोटं बोलणं झालं."

"खोटं काहून? त्याइले खड्डा दिसून राहिला होता, मी खड्डा काढला."

"या आजारात गडद पृष्ठभागाची खोली नीट कळत नाही. त्यामागे कारण आहे."

"असन. मले कारण माहीत नव्हतं."

"मग सुचलं कसं?"

"खाली बसून पाहिलं." तो हसला. "खरंच खड्ड्यावानी दिसते हो ती."

उत्तराने या आजारावरची तीन पुस्तके विकत घेतली होती आणि समासात टिपा काढल्या होत्या. खाली बसून पाहण्याची सूचना एकाही पुस्तकात नव्हती.

त्याचे नाव रोशन गजभिये. भूविज्ञानात एम.एस्सी. करून तो संग्रहालयात सहायक म्हणून लागला होता आणि सक्करदऱ्याहून स्कूटरवर यायचा. मधुसूदनराव काचेला नाक लावून दगड पाहत होते, तेव्हा तो म्हणाला, "दर बुधवारी आणा त्याइले. शाळेच्या सहली नसतात. बरं वाटन."

"कशावरून?"

"आँ?"

"बरं वाटेल, हे कशावरून म्हणता? किती जणांवर पाहिलंत?"

"एकावर. आत्ताच."

"एक म्हणजे नमुना नव्हे."

"मग तुम्हीच मोजा ना," रोशन म्हणाला. "मी खुर्च्या लावतो."

उत्तरा हिंगण्याच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीचे काम करत असे. मोजण्याचे आव्हान तिला दिले, तर नकार देणे तिच्या स्वभावात नव्हते. बुधवार हा तिच्या सुट्टीचाच दिवस होता. संग्रहालय चालवणाऱ्या न्यासाचे चिटणीस भैयाजी यांनी आठ बुधवारांची परवानगी दिली. नवव्यासाठी त्यांना पुरावा हवा होता. "स्मरणशक्ती वाढली पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर लोक विचारतील, वेडगळ म्हातारे जमवून काय करता?"

उत्तराने तो शब्द टिपून ठेवला. नंतर वापरण्यासाठी.

*

पहिल्या बुधवारी तीन वृद्ध आले, तिसऱ्या बुधवारी सात. रोशनने चकाकणाऱ्या काचांवरचे दिवे तिरके केले, पिण्याच्या पाण्यापाशी आणि स्वच्छतागृहाच्या दारावर मोठ्या अक्षरांच्या पाट्या लावल्या, आणि मधल्या टेबलावर हातात घेता येतील असे दगड मांडले. 'हात लावू नका' ही पाटी त्याने भिंतीकडे तोंड करून उलटी टांगली. पार्वतीबाईंना ते जड गेले. एकोणीस वर्षांची सवय.

"आजी, हात ला—" त्या ओरडत, आणि रोशनकडे पाहून पुरे करत, "...लावा!"

मधुसूदनरावांनी पहिल्याच दिवशी मँगनीजचा काळा गोळा उचलला आणि तासभर खाली ठेवला नाही. कुणीही शेजारी आले, की ते तो त्याच्या तळहातावर ठेवत. "धरून बघा. हलका वाटतो का?" तो कुणालाच हलका वाटत नसे. मग ते समाधानाने हसत.

त्या गोळ्याने हात काळे होत. तिसऱ्या बुधवारी रोशन उत्तरासमोर येऊन उभा राहिला, काहीतरी बोलायला गेला, थांबला...

"काय?"

"तुमच्या गालावर... मँगनीज आहे."

"मँगनीज डायऑक्साइड," ती म्हणाली.

"तेच. डाव्या गालावर."

तिने उजवा गाल पुसला.

"तुमचा डावा," तो म्हणाला. त्याचे बोट तिच्या गालापासून दोन इंचांवर येऊन थांबले आणि मागे गेले. कूलरच्या वाऱ्यासोबत आलेले तुषार तिच्या चष्म्यावर बसले होते. त्यामुळे त्याचा चेहरा तिला नीट दिसला नाही. नाडीचे ठोके वाढले असल्याची नोंद तिने मनातल्या मनात घेतली आणि कारणाच्या रकान्यात 'उष्णता' असे लिहिले.

दुसऱ्या बुधवारपासून मात्र एक गोष्ट सुरू झाली होती, जिचा रकाना तिने आखलाच नव्हता. दगड हातात घेऊन मधुसूदनराव रोशनला समोर बसवत आणि त्याची रीतसर चौकशी करत. दर आठवड्याला. पहिल्यांदाच भेटल्यासारखी.

"नाव?"

"रोशन."

"आडनाव?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला, तेव्हा उत्तराचे पेन वहीवर थबकले होते. तिच्या घराण्याच्या सोयरिकी आजवर चार ठरलेल्या आडनावांपलीकडे गेल्या नव्हत्या, आणि बाबा चौकशी कशाची करत होते ते तिला पुरते कळले होते.

"गजभिये, साहेब."

"गजभिये..." मधुसूदनरावांचे डोळे बारीक झाले. "आमच्याकडे एक गजभिये होता. खांब लावायचा. छताचा आवाज ऐकायचा तो. तो 'बाहेर व्हा' म्हणाला, की मी मोजणी टाकून बाहेर व्हायचो. दोनदा छत आलं खाली. मी बाहेर होतो." थोडे थांबून, "व्यसन?"

"चहा."

"किती?"

"मोजला नाही, साहेब."

"मोजत जा. लग्न झालं?"

"नाही."

"माझी एक मुलगी आहे," मधुसूदनराव आवाज खाली आणत. मुलगी दोन हातांच्या अंतरावर वही घेऊन बसलेली असे. "हिंगण्याला असते. जरा फटकळ आहे. पण मापात चूक करत नाही."

"विचार करतो, साहेब," रोशन दर वेळी गंभीरपणे म्हणे, आणि उत्तराकडे अजिबात पाहत नसे. ते न पाहणे फार ठळक होते.

घरी बाबा तिला 'बाई' म्हणत. तिचे नाव त्यांच्या तोंडी येऊन सात महिने झाले होते. आपल्याला मुलगी आहे आणि ती मापात चूक करत नाही, हे ते फक्त बुधवारी, एका अनोळखी तरुणाला सांगत. उत्तरा ते ऐकण्यासाठी आठवडाभर थांबत असे. हे तिने कुठेही लिहिले नाही.

*

सातव्या बुधवारी सगळे गेल्यावर ती खुर्च्यांच्या गोलात वही उघडून बसली. मधुसूदनराव पार्वतीबाईंना गोळा उचलायला लावत होते.

"स्मरणचाचणीत बाबांना पहिल्या आठवड्यात अकरा गुण होते. आता तेरा," ती म्हणाली.

"वाढले ना मग!"

"या चाचणीत तीन गुण इकडेतिकडे होतातच. हा फरक काहीच सांगत नाही. बाकीच्यांचंही तसंच."

"पण नुसतं तेरा लिहिलं, तर भैयाजी खूश?"

"हो."

"अन् तुम्ही?"

तिने वही मिटली. रोशनने एक खुर्ची उचलली, पुन्हा तिथेच ठेवली.

"मग जे आहे तेच लिहा," तो म्हणाला.

"बंद होईल हे."

"होईन." कूलर घरघरत होता. "मले सवय झाली होती... खुर्च्या लावायची."

"खुर्च्यांची?"

"खुर्च्याच समजा सध्या."

उत्तराने चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता. "एक विचारू? बाबा दर वेळी ते... चौकशी करतात. आजारापूर्वीचे बाबा तुमचं आडनाव ऐकून काय म्हणाले असते, मला माहीत नाही. वाईटही म्हणाले असते कदाचित."

"मलेही माहीत नाही. ते साहेब मले भेटलेच नाहीत. जे समोर बसतात, त्याइलेच मी उत्तर देऊन राहिलो." तो क्षणभर थांबला. "अन् खरं सांगू का? विचारायचं तर तुमाले आहे."

"मग विचारा," असे म्हणायचे तिच्या ओठांवर आले होते. तेवढ्यात पार्वतीबाईंच्या हातून गोळा पायावर पडला आणि पुढची दहा मिनिटे बर्फ शोधण्यात गेली.

*

आठव्या बुधवारी भैयाजी स्वतः आले. उत्तराने त्यांच्यापुढे एक पान ठेवले.

"स्मरणशक्ती?"

"वाढली नाही."

भैयाजींनी पान मिटायला घेतले.

"खाली अजून एक ओळ आहे," उत्तरा म्हणाली. "संध्याकाळी आमच्या घरात, स्वतःच्या खोलीत बसून, बाबा मला विचारतात, 'घरी कधी जायचं?' एका तासात वीस-पंचवीस वेळा. इथल्या तासात किती वेळा विचारलं, ते मी मोजलं. पहिल्या बुधवारी नऊ वेळा. मग सात, चार, दोन. नंतर शून्य. सहाव्या आठवड्यात एकदा, मागच्या वेळी पुन्हा शून्य. इतरांचेही आकडे उतरलेत. आकडे थोडे आहेत, मी मोठा दावा करणार नाही. आठवण परत येत नाही, भैयाजी. फक्त या एका तासात या माणसांना परक्या ठिकाणी आल्यासारखं वाटत नाही. आणि तुम्ही मागे वापरलेला 'वेडगळ' हा शब्द, यांच्यापैकी कोणालाही लागू नाही."

भैयाजी काही बोलण्याआधीच मधुसूदनराव त्यांच्यापाशी पोहोचले होते.

"हात पुढे करा. धरून बघा. हलका वाटतो का?"

भैयाजींनी गोळा धरला. त्यांचा हात खाली गेला. "अरे! केवढा जड!" पंधरा वर्षे न्यासाचे चिटणीस असलेल्या त्या गृहस्थांनी या संग्रहालयातल्या एकाही दगडाला आजवर हात लावला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होते. बराच वेळ त्यांनी तो खाली ठेवला नाही. मग स्वतःचे काळे झालेले तळवे पाहत म्हणाले, "दिवाळीपर्यंत चालू द्या. पुढचं पुढे पाहू... आणि दाराशी गुंडाळून ठेवलेली ती काळी चटई बदला. फिकट आणा एखादी."

मधुसूदनरावांना दिवाळीशी देणेघेणे नव्हते. ते रोशनला समोर बसवून मोकळे झाले होते. नाव झाले, आडनाव झाले, छत दोनदा खाली आले, चहा झाला.

"किती?"

"दिवसाला चार, साहेब. आता मोजतो."

उत्तराने वहीतून मान वर केली.

"माझी एक मुलगी आहे. जरा फटकळ आहे..."

"...पण मापात चूक करत नाही," रोशन म्हणाला. "माझा विचार झाला, साहेब. सहा आठवडे केला. मले पसंत आहे." आणि प्रथमच, ती चौकशी चालू असताना, त्याने उत्तराकडे सरळ पाहिले. "पण तिले विचारल्याबिगर कसं जमन?"

"ते तर झालंच पाहिजे," मधुसूदनराव म्हणाले. "कुठे आहे ती?"

"मी इथेच आहे, बाबा."

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिले. सभ्यपणे, आदराने, आणि कसलीही ओळख न दाखवता. "आपण कोण?"

पार्वतीबाईंनी पदर तोंडाशी नेला. उत्तरा खुर्ची ओढून वडिलांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मी मुलीकडची."

"अच्छा, अच्छा! मग काय निरोप आणलात?"

"होकार आहे," उत्तरा म्हणाली. बोलताना ती बाबांकडे पाहत नव्हती.

"उत्तम." मधुसूदनरावांनी तिच्या वहीवर बोट टेकवले. "लिहून घ्या हो. माणूस विसरतो."

तिने लिहिले. आठवा बुधवार, होकार. शेजारी बाबांच्या बोटाचा काळा ठसा उमटला होता, रेषान्‌रेष स्पष्ट. तो पुसला जाऊ नये म्हणून रोशनने हात पुढे केला, तिनेही त्याच वेळी केला, आणि दोघांपैकी कोणीच तो मागे घेतला नाही.

पुढच्या बुधवारी मधुसूदनरावांनी सगळे पुन्हा विचारले. नाव, आडनाव, चहा. निरोपही पुन्हा सांगावा लागला. दिवाळीपर्यंत त्यांनी त्या लग्नाला एकोणीस वेळा संमती दिली आणि एकोणीसही वेळा त्यांना तितकाच आनंद झाला. नमुना लहान आहे, हे उत्तराला मान्य आहे. मोजणी चालू आहे.