चौथं वाक्य

तो पहिल्यांदा आमच्या दुकानात आला तो काही दुरुस्त करून घ्यायला नव्हे, पाऊस चुकवायला. छत्री नव्हती, चष्म्यावर थेंब होते, आणि पायपुसण्यावर असा अंग चोरून उभा होता, जणू चुकून कोणाच्या स्वयंपाकघरातच शिरलाय.

"आत या," मी म्हटलं. "पायपुसणं भाड्याने देत नाही आम्ही."

तो हसला... आणि हसला तेव्हा एकाच गालाला खळी पडली. मी लगेच मान खाली घातली. माझ्या एका हातात उघडलेला कंट्रोलर होता, दुसऱ्या हातातल्या चिमट्यात इवलंसं रबर. खळ्या बघायला वेळ कोणाला होता?

दुकान माझं आणि आत्याचं. व्हिडिओ गेमची मशीनं आणि कंट्रोलर आम्ही दुरुस्त करतो. काउंटरवर माझी एक बरणी असते, झिजलेल्या रबरांची. प्रत्येक बटणाखाली एक रबर असतं; जे बटण जास्त दाबलं जातं त्याचं रबर आधी जातं. कंट्रोलर उघडला की कोण काय खेळतं आणि कसं खेळतं, ते मला लगेच कळतं.

"ही सगळी एकाच बटणाची दिसतायत," तो बरणीत डोकावत म्हणाला.

"उडीच्या बटणाची. सध्या जो तो 'महाझेप' खेळतोय ना! अख्खं शहर मोकळं, अंगात अचाट शक्ती, आणि लोक करतात काय? उड्या मारतात."

"तुम्ही खेळलात?" त्याने जरा घाईनेच विचारलं.

"दोनदा पूर्ण केला."

"मग... कसा वाटला?"

मला मत विचारणं म्हणजे आगीत तेल. चिमटा खाली ठेवून मी सुरू झाले. "उडी अप्रतिम. चाळीस मजल्यांवरून स्वतःला झोकून द्यायचं, पोटात गोळा येतो, आणि हात पसरले की वारा उचलून धरतो. कुठेही जा, कोणी अडवत नाही. मला दिवसभर कोणी ना कोणी अडवतंच. गिऱ्हाईक म्हणतं, घरात कोणी पुरुषमाणूस असेल तर त्याला दाखवा. ते ऐकून झालं की मी आत जाते आणि एक उडी मारते."

"आणि वाईट?"

"मारामारी एकसुरी. एकच बटण बडवत बसा. कामगिऱ्याही सगळ्या एकाच साच्याच्या: जा, हाण, परत ये. खलनायक मरता मरता भाषण देतो. पण सगळ्यात भिकार काय असेल तर रस्त्यावरची माणसं! हात हलवायचं एक बटण आहे. दाबलं की ती तीनच वाक्यं बोलतात. 'अरे, तो बघा!', 'आज उकाडा आहे ना?' आणि 'सांभाळून जा हं.' त्यांच्यापेक्षा पुतळे बरे."

"पुतळे?" त्याचा आवाज जरा बारीक झाला.

"निदान बडबडत तरी नाहीत. ज्याने ती उडी बनवली त्याचे हात सोन्याने मढवावेत. आणि ज्याने ती माणसं बनवली ना, त्याला त्याच रस्त्यावर आठवडाभर उभं करावं!"

तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. पाऊस थांबला होता. "येतो मग," म्हणाला आणि गेला.

दोन दिवसांनी तो परत आला, हातात कंट्रोलर घेऊन. उडीचं बटण बिघडलं होतं. पुढच्या आठवड्यात तेच बटण पुन्हा बिघडलं. मग पुन्हा. दर वेळी तो काउंटरला टेकून उभा राहायचा आणि बोलायचा ती फक्त तीन वाक्यं. "झालं का?", "किती वेळ लागेल?" आणि "येतो मग." बाकी नुसतं बघायचं. मी मान वर केली की बरणीकडे बघायचं. कंट्रोलर देता-घेताना बोटं लागली, की दोघांनीही लागली नाहीत असं दाखवायचं.

"आला गं तुझा तीनवाक्या," आत्या आतून ओरडायची.

"माझा नाही!" मी तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडायचे. तो ऐकायचा. एकाच गालाला खळी...

त्यानंतरच्या खेपेला तो रिकाम्या हाताने आला. चेहरा उतरलेला होता.

"मला एक खरं सांगाल?" तो म्हणाला. "ती रस्त्यावरची माणसं मी बनवली आहेत."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. पुतळे, भिकार... शिवाय तीनवाक्या! धरणी दुभंगली असती तर मी पहिली उडी मारली असती.

पण तो रागावलेला नव्हता. त्याने सरळ सांगितलं. 'महाझेप'चा दुसरा भाग बनतोय. उद्या अकरा वाजता बैठक आहे. कंपनीच्या मोठ्या बाई म्हणतात, लोक वरून उडत जातात, खाली कोणी बघत नाही, तर माणसं काढूनच टाका. रिकामे रस्ते, जास्त उंच इमारती. माणसं गेली की त्याचंही इथे काम उरणार नव्हतं. कंपनी त्याला दूरच्या शहरातल्या शाखेत धाडणार होती, मोटारींच्या शर्यतीच्या खेळावर.

"तुमच्या बरणीत," त्याने हळूच विचारलं, "हात हलवायच्या बटणाचं एखादं तरी रबर आहे का? एक असलं तरी चालेल."

मला खोटं बोलता आलं असतं. एखादं जुनं रबर उचलून त्याच्या हातावर ठेवलं असतं, तर त्याला काय कळणार होतं? पण खोटं माझ्या तोंडून निघत नाही, मग समोर कोणीही असो.

"एकही नाही," मी म्हटलं. "उडीची नऊ आहेत."

"नऊ? म्हणजे माझी तीन धरून..."

"तुमची तीन मी धरली नाहीत."

तो एकदम लाल झाला. का, ते मला ठाऊक होतं, पण ते बोलायची ही वेळ नव्हती. "आभारी आहे," तो म्हणाला. जाताना 'येतो मग' म्हणाला नाही. मला ते वाक्य किती हवं होतं, ते तो दाराबाहेर गेल्यावर कळलं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, तर आत्या आपला कंट्रोलर घेऊन पुढ्यात उभी. दुपारी मी सुटे भाग आणायला गेले, की ती दुकानाच्या मशीनवर खेळत बसते, हे मला माहीत होतं. काय खेळते, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"या रिमोटचं खालचं बटण लागत नाही गं."

मी उघडून बघितलं. उडीचं रबर कोरं करकरीत. हात हलवायच्या बटणाचं मात्र झिजून गुळगुळीत.

"आत्या... तू उडत नाहीस?"

"माझे गुडघे दुखतात."

"खेळातले?"

"सवय गं. जिना दिसला की जिन्याने जाते."

"मग दिवसभर करतेस काय?"

"काय करणार? लोकांशी बोलते."

"काय बोलतात ते? तीन वाक्यं!"

"तुझ्याशी तीन," आत्या शांतपणे म्हणाली. "तू कुठे थांबतेस का? एकाच माणसाला सात दिवस हात करून बघ. आठव्या दिवशी नवीन बोलतो."

मी नवं रबर बसवून दिलं आणि तिने मशीन लावलं. पडद्यावर तिचा महाशक्तिमान योद्धा फूटपाथवरून बेताने चालत निघाला. बसथांब्यावर एक म्हातारा होता. मी त्याच्या डोक्यावरून हजार वेळा उडाले असेन. आत्याने हात केला. म्हातारा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काल आला नाहीत... मी दोन बस सोडल्या."

मी खुर्चीवर बसले. चूक कबूल करायला मला साधारण महिना लागतो. त्या दिवशी तेवढा वेळ नव्हता, घड्याळात साडेदहा झाले होते. मी मशीनच्या वायरी उपटल्या.

"कुठे निघालीस?"

"भांडायला."

"थांब, चप्पल घालते," आत्या म्हणाली.

त्याचं ऑफिस दोन चौक सोडून होतं. दारावरच्या रखवालदाराने विचारलं, "कोणाला भेटायचंय?" आत्या म्हणाली, "मशीन दुरुस्तीला बोलावलंय," आणि लिफ्टमध्ये शिरली. बैठकीच्या खोलीचं दार मी खांद्याने ढकललं, कारण हातात मशीन होतं.

लांब टेबलाभोवती आठ माणसं. टोकाला मोठ्या बाई. भिंतीजवळ तो, उभाच. मला बघून त्याचा चष्मा नाकावर घसरला.

"तुम्ही कोण?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"गिऱ्हाईक," मी म्हटलं. "तुमच्या रस्त्यावरच्या माणसांना मी गावभर नावं ठेवली. ती मागे घ्यायला आलेय."

"हे बघा," मोठ्या बाई म्हणाल्या, "त्या माणसांत एक चौथं वाक्य लपवलेलं आहे, ते यांनी आम्हाला सांगितलंय. पण कोणाला सापडलंच नाही, तर ते नसल्यातच जमा. आमच्या आकड्यांत ते ऐकलेले लोक शून्य आहेत."

"मी तुमच्या आकड्यांत नाही, बाई," आत्या म्हणाली. "मी दुकानात असते. आमचं मशीन इंटरनेटला जोडलेलं नाही."

कोणी काही म्हणायच्या आत तिने वायर भिंतीवरच्या पडद्याला लावली आणि कंट्रोलर हातात घेतला. योद्धा गल्लीतून चालू लागला. फुलवाली म्हणाली, "तुमच्यासाठी पिवळी बाजूला ठेवलीत." शाळकरी मुलगी म्हणाली, "मला आज पहिला नंबर मिळाला, तुम्हालाच आधी सांगतेय." म्हाताऱ्याने पुन्हा आपल्या दोन बस सांगितल्या. त्या गल्लीत एकही माणूस तिला अनोळखी नव्हता.

"एका आत्यासाठी मी सगळं शहर भरू?" मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या, पण आवाजातली धार गेली होती.

"भरू नका," मी म्हटलं. "रिकामंच विका. पण मग त्याला शहर म्हणू नका. एवढी शक्ती अंगात घेऊन खाली आलं आणि ओळखणारं कोणी नसलं, तर उडायचं कोणासाठी? मी दोनदा खेळ पूर्ण केला, आणि एक मिनिट कुठे थांबले नाही. चूक माझी होती. तुम्ही तीच दुसऱ्या भागात करू नका."

मोठ्या बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

मला वाटलं, हा आता 'येतो मग' म्हणतोय. पण त्याने चष्मा वर सरकवला. "माणसं राहणार असतील तर मी राहीन," तो म्हणाला. "नाहीतर मी शर्यतीच्या खेळावर जाणार नाही. राजीनामा देईन."

शेवटी माणसांना एक गल्ली मिळाली, आणि त्याला त्याचं इथलं काम. सगळं शहर नाही. बाकीचे रस्ते रिकामेच राहणार होते. मी आणखी भांडणार होते, पण आत्याने माझ्या दंडाला चिमटा काढला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं, चुकवायला पाऊस नव्हता. तो आला आणि काउंटरवर कंट्रोलर ठेवला. "उडीचं बटण," म्हणाला. "झालं... म्हणजे, किती वेळ लागेल?"

मी कंट्रोलर उघडला आणि चिमट्याने रबर त्याच्यासमोर धरलं. "हे झिजलेलं नाही. कानशीने घासलंय. आधीची तीनही तशीच होती."

त्याने डोळे मिटून घेतले. "तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"रबर ओळखूनच पोट भरते मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर तुम्ही येणं थांबवलं असतं." शब्द तोंडातून गेले होते, आणि परत घ्यायची माझी मुळीच इच्छा नव्हती. "मला तुम्ही यायला हवे होतात. आता तुमचं चौथं वाक्य काढा. सात दिवस हात हलवायला माझ्याकडे वेळ नाही."

तो काउंटरची कड धरून उभा होता. ओठ हलले, थांबले... पुन्हा हलले.

"मला रोज यायचंय," तो म्हणाला. "काही न बिघडवता."

मी ते रबर बरणीत टाकलं नाही. ते खिशात ठेवलं, आणि काउंटरची फळी उचलून त्याला आत यायला वाट करून दिली.