झाकल्या मातेचे झगे

अधिकाऱ्याने ओढणी उचलली, तेव्हा आत चेहरा नव्हता. खताचं पोतं होतं.

तेरा ऑगस्ट, सकाळचे साडेदहा. लाव्हेर्न्याकच्या चर्चमध्ये तेव्हा तिघंच होते. जिल्ह्याहून जुन्या वस्तूंच्या तपासणीला आलेला अधिकारी, गावचे सरपंच रेजिस काँबेस्को आणि किल्लीवाली लेओंतीन शासान्यार. अधिकारी ओरडला. सरपंच मटकन बाकावर बसले. लेओंतीनने मात्र खाली पडलेली ओढणी उचलली, झटकली आणि तिची चौपदरी घडी केली.

दुपारी फौजदार मारीव्होन तायफेर वीस किलोमीटरवरच्या ठाण्यातून पोचली. तोवर चौऱ्याऐंशी डोक्यांच्या गावाने खटला चालवून निकालही देऊन टाकला होता. किल्ली लेओंतीनची, म्हणून चोरी लेओंतीनची. सोपा हिशेब माणसांना लवकर पटतो. पुन्हा तपासावा लागत नाही.

सरपंचांनी किल्ली तिच्या ॲप्रनच्या खिशातून काढूनही घेतली होती. चर्चच्या दारावरची पाटी उतरवली होती. ‘किल्ली समोरच्या घरी. जोरात हाक मारा, मादाम शासान्यारना कमी ऐकू येतं.’ एक्याऐंशी वर्षांच्या त्या बाईकडे गावात दुसरी इस्टेट नव्हती. घर जावयाच्या नावावर होतं, आणि कान तर केव्हाच गेले होते.

“मूर्ती कशी होती?” तायफेरने सरपंचांना विचारलं.

“अक्रोडाच्या लाकडाची. आठशे वर्षांची. माता बसलेली, मांडीवर बाळ. बाळाचा डावा पाय घोट्यापासून मोडलेला.” सरपंचांनी नाक पुसलं. “अहो, त्या मोडक्या पायामुळेच तर ती आपल्यातली वाटायची!”

“फोटो?”

“छे! झाकली माता म्हणतात तिला. कुणी उघडी पाहत नाही. पाहिलं तर डोळे जातात म्हणे.”

“मग संशय कुणावर?”

“मी कुणाकडे बोट दाखवणारा माणूस नाही,” असं म्हणून सरपंचांनी दोन्ही हातांनी दाखवलं. “जूनमध्ये एक डच जोडपं आलं होतं. घरासारखी मोठी गाडी. तीनदा चर्च पाहिलं! तीनदा पाहण्यासारखं आमच्याकडे काय आहे? आणि किल्ली देणारं कोण, तर लेओंतीन. वय झालंय, माणूस ओळखता येत नाही. नाहीतर फार ओळखता येतो. परवा पंधरा तारीख, मातेची मिरवणूक. नऊ गावांची माणसं येणार. मी काय खांद्यावर देऊ त्यांच्या?”

तायफेरने भेटवही चाळली. वर्षभरात दोनशे बारा नावं. कुणी दगडी कमानींची तारीफ केली होती, कुणी थंडीची तक्रार. दोनशे बारा माणसं, बारा देश. एवढ्या ठिकाणी चौकशीची पत्रं पाठवायची, तर ती स्वतः निवृत्त व्हायची वेळ यायची.

लेओंतीन स्वयंपाकघरात नव्या झग्याला इस्त्री करत होती. निळं रेशीम. चुलीवर आलुबुखार रटरटत होते.

“किल्ली कुणाकुणाला देता?”

“मागेल त्याला. त्यासाठीच असते ना ती?”

“बरोबर जाता?”

“पूर्वी जायची. आता मी निघेपर्यंत लोक पाहून परत येतात.”

“झगा कोण बदलतं?”

“मीच. त्रेचाळीस वर्षं झाली. दर चौदा ऑगस्टला.”

“कसा?”

“नवा वरून घालायचा. मग जुन्याचे बंद आतल्या आत सोडायचे आणि खालून ओढून काढायचा. ओढणीचंही तसंच. डोळे मिटून. माझ्या सासूने असं शिकवलं, तिला तिच्या सासूने.”

“एकदाही डोळे उघडले नाहीत?”

“तुम्ही आईची आंघोळ फटीतून पाहता का, बाई?”

तायफेरला हसू आलं, पण तिने ते गिळलं. “मादाम, गाव म्हणतं चोरी तुम्ही केली.”

“लिहा तसं.”

“म्हणजे केलीत?”

“म्हणजे लिहा. लोकांना सणाच्या आत चोर हवाय. मी रिकामीच आहे.”

बावीस वर्षांच्या नोकरीत तायफेरने चोर पुष्कळ पाहिले होते. ‘मी नाही’ म्हणणारे, रडणारे, आजारी पडणारे. ‘लिहा तसं’ म्हणणारा माणूस चोर क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो कुणाच्या तरी पुढे उभा असतो.

पण कुणाच्या? या बाईच्या मागे गावात आता उरलंच कोण होतं? नवरा अर्मां छप्परकाम करायचा. त्यालाही जाऊन नऊ वर्षं झाली होती.

ती चर्चमध्ये परतली. दाराशेजारी भिंतीत एक लहान दगड होता. ‘एका अनाम भक्ताच्या दानातून छप्पर नवे झाले, १९९२.’ वर पाहिलं, तर तुळया सरळ, दगडी कौलं एकासारखी एक. आसपासच्या नऊ चर्चांपैकी चारांना टाळं होतं आणि एकाच्या आत झाड उगवलं होतं. लाव्हेर्न्याकचं नशीब थोर.

मग तिने कोनाड्यातलं ते सोंग सोडून पाहिलं. चेस्टनटच्या लाकडाचा खांब, त्याला पेंढा, वरून खताचं पोतं. पोत्यावर दुकानाचं नाव आणि फोन नंबर. तिने नंबर मोजला. आठ आकडे. पुन्हा मोजला. आठच.

फ्रान्समध्ये फोनचे दहा आकडे होऊन सत्तावीस वर्षं झाली होती.

अर्थात, जुनं पोतं कुणाच्याही गोठ्यात पडून असतं. एवढ्यावर न्यायाधीश उठून उभा राहत नाही. तिने पेंढा उपसला. आत शिशाचा पत्रा होता, घट्ट वळलेला, कडा ठोकून बसवलेल्या. बारा-तेरा किलो वजन. पालखी उचलणाऱ्या खांद्यांना फरक कळू नये म्हणून घातलेलं. घाईत चोरी करणारा माणूस मागे राहणाऱ्यांच्या खांद्यांची एवढी काळजी घेत नाही.

पाद्रीबाबांच्या खोलीत एक पेटी होती. मातेचे उतरवलेले झगे त्यात ठेवायची रीत होती, प्रत्येकाच्या काठावर साल भरलेलं. झगे एकाच मापाचे, एकाच कापणीचे. तायफेरने ते लांब टेबलावर एकापुढे एक पसरले आणि दुकानदारीण कापड पाहते तसे उजेडाला धरून पाहिले.

१९८७. पुढच्या बाजूला कापड दोन जागी झिजलेलं. बसलेल्या बाईचे गुडघे येतात तिथे.

१९८९, तसंच. १९९०, तसंच.

१९९१ चा झगा, म्हणजे त्या ऑगस्टपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत घातलेला. झीज होती, पण जेमतेम.

१९९२. काही नाही. ९३, काही नाही. पुढे एकही झगा गुडघ्यावर झिजला नव्हता. खांबाला गुडघे नसतात.

डच जोडपं सुटलं. भेटवहीतले दोनशे बाराही सुटले. तायफेरला मात्र बरं वाटलं नाही. चोरी कालची असती, तर माग काढता आला असता. ही चोरी एकतीस वर्षांची होती. चोर म्हातारा किंवा मेलेला, माल कुठल्या तरी देशात, आणि कायद्याची मुदत केव्हाच टळलेली. तिने ठाण्यात फोन करून एकच कागद मागवला.

चौदा तारखेला दुपारी तिने दोघांना सरपंचांच्या कचेरीत बोलावलं. खिडकीतून मांडव घालणाऱ्यांच्या हातोड्या ऐकू येत होत्या. लेओंतीन ओळीतली शेवटची खुर्ची घेऊन बसली, जशी ती प्रार्थनेला बसायची.

“सरपंचसाहेब, १९९२ साली चर्चची किल्ली कुणाकडे होती?”

सरपंचांनी घसा साफ केला. “आठवत नाही.”

“छप्पर नवं होत होतं. आठ महिने चर्च बंद होतं. किल्ली छप्परवाल्याकडे. शिशाचा पत्रा त्याच्याकडे, आणि तो असा वळायचा हातही त्याचाच. तेव्हा सरपंच कोण होते?”

“माझे वडील.”

“छपराला पैसे कुणी दिले?”

“अनाम भक्ताने. दगडावर लिहिलंय.”

“लिहिलं कुणी?”

सरपंच खिडकीकडे पाहू लागले.

“हा १९११ सालचा कागद.” तायफेरने चश्मा नीट केला. “सरकारने मूर्ती नोंदवली तेव्हाचा. त्या कारकुनाने पाद्रीबाबांच्या परवानगीने माता उघडी पाहिली होती. तिला उघडी पाहिल्याची कागदावर हीच एक नोंद. तो लिहितो: बाळ सुस्थितीत, दोन्ही पाय शाबूत.”

हातोड्या थांबल्या होत्या. कुणीतरी बाहेर दोरीवरून भांडत होतं.

“तुम्ही मला काल सांगितलंत, डावा पाय घोट्यापासून मोडलेला. कधी पाहिलात?”

“माझ्या बाबांनी सांगितलं होतं.”

“बाबांनी कधी पाहिला?”

“फौजदारबाई, जुन्या गोष्टी...”

“की तो तुमच्या डोळ्यांसमोर मोडला?”

रेजिस काँबेस्को चोपन्न वर्षांचा जाडजूड माणूस होता. खुर्चीत तो एकदम तेवीस वर्षांचा झाला.

“गाडीत,” तो म्हणाला. “घाटातल्या वळणावर पेटी सरकली. मी चालवत होतो.”

“सांगा.”

“काय सांगू? तुळया कुजल्या होत्या. जिल्हा कचेरीचं पत्र आलं, चर्च बंद करा. मदत मागितली तर म्हणाले, रांगेत थांबा. बाबा म्हणाले, माता ठेवली तर डोक्यावर छप्पर पडेल, छप्पर ठेवायचं तर माता जाईल. एक बेल्जियमचा माणूस यायचा गावं बघायला. मला त्याचं नावही सांगितलं नव्हतं. लिमोजच्या रस्त्यावर एका पंपामागे पेटी दिली. तो पाय मात्र राहिला माझ्याकडे.”

“कुठे आहे?”

“पुरला. बाबांच्या शवपेटीत ठेवला.”

तायफेरने लिहून घेतलं. “आणि काल या बाईच्या खिशातून किल्ली काढून घेताना काही वाटलं नाही?”

“मला वाटलं, यंदाचीच चोरी ठरली तर मागचं कुणी उकरणार नाही. डच लोकांवर जाईल, मग विसरतील. लेओंतीन, तुम्हाला कुणी तुरुंगात टाकलं नसतं हो! या वयात...”

“रेजिस,” लेओंतीन म्हणाली, “तू लहानपणी माझ्या बागेतले अक्रोड चोरायचास, तेव्हाही शेजारच्या कुत्र्याचं नाव घ्यायचास. कुत्रा अक्रोड खात नाही रे.”

तायफेर तिच्याकडे वळली. “मादाम, तुमचे डोळे मिटलेले होते. हात मात्र मिटलेले नव्हते. ९२ सालच्या चौदा ऑगस्टला तुम्ही जुना झगा खालून ओढलात. गुडघ्यांवर अडकायचा तो अडकला नाही.”

“सुळकन आला,” लेओंतीन म्हणाली. “मग मी हात वर नेला. पोतं लागलं. चांगलं घट्ट बांधलेलं. गाठ ओळखली मी. आमच्या घरात सगळ्या पोत्यांना तीच गाठ असायची.”

“घरी जाऊन विचारलंत?”

“नाही. अर्मां जेवत होता. विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं. तसाच माणूस होता. मग मला एक तर पाद्रीबाबांना सांगावं लागलं असतं, नाहीतर पाद्रीबाबांशी खोटं बोलावं लागलं असतं. न विचारता दोन्ही टळलं.”

“आणि एकतीस वर्षं तुम्ही पोत्याला झगा घातलात.”

“दुसरं काय करणार होते? थांबले असते तर लोकांनी कारण विचारलं असतं.” ती थोडी पुढे सरकली. “बाई, आता माझं ऐका. काल तुम्हाला सांगितलं तेच ठेवा. चोरी मी केली. मला एक्याऐंशी झालीत, किती दिवस चोर म्हणतील? अर्मांच्या नावाने मात्र अजून लोक सांगतात, छप्पर असावं तर अर्मांच्या हातचं.”

“तसं लिहिता येत नाही, मादाम.”

“कालपर्यंत सगळ्यांना येत होतं.”

“तुम्ही निर्दोष आहात. मला तेच लिहावं लागेल.”

“पण मी मागितलंय का ते?”

तायफेरने मनाशी आकडा मांडून पाहिला. शिक्षा कुणालाच होणार नव्हती. मुदत संपली होती, म्हातारा काँबेस्को मेला होता, अर्मां मेला होता. कायद्याने माता आजही गावचीच होती. फक्त तिला कुठे शोधायचं, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं. अहवाल वर गेला की आठवड्यात वर्तमानपत्रात येणार. रेजिसचं सरपंचपद जाईल, म्हणजे सणासुदीला छातीवर मिरवायचा एक तिरंगी पट्टा जाईल. एका मेलेल्या छप्परवाल्याचं नाव जाईल. आणि हे सगळं जाऊन जमेच्या बाजूला काय येणार, तर एका म्हातारीला नको असलेला निर्दोषपणा.

“उद्या काय न्यायचं?” रेजिसने हळूच विचारलं. “मांडव झालाय.”

तायफेरने कागद पुढे ओढले.

तायफेरने जबाब वाचून दाखवला, मोठ्याने, दर वाक्य दोनदा, कारण लेओंतीनला कमी ऐकू येत होतं. अर्मांचं नाव आलं तिथे तिने हात वर करून थांबवलं.

“त्याच्या नावापुढे काय लिहिलंय?”

“मृत.”

“आणि माझ्या?”

“साक्षीदार.”

लेओंतीनने पेन घेतलं, पण सही केली नाही.

“मी काही पाहिलेलं नाही, बाई. ते खोडा, बायको लिहा.”