तळं दिसेल असा कॉम्प्युटर

"ते कार्ड माझं आहे," मी म्हणाले.

"अजून झालेलं नाही," तो म्हणाला.

काचेच्या काउंटरवर एकच खोकं आणि त्यावर आमचे दोघांचे हात. सोडायला कुणीच तयार नाही. खोक्यात होतं सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेममधलं चित्र ज्याच्या जिवावर खरं वाटतं तो पार्ट. नव्याची किंमत ऐकून माझे डोळे पांढरे झाले होते. हे जुनं, पण धडधाकट होतं, आणि दुकानात एकच होतं.

"भांडता कशाला?" दुकानदार काका वैतागले. "ताई, तुम्ही बाकीचे सगळे पार्ट काढायला लावलेत, कार्डापुरते पैसे तुमच्याकडे उरत नाहीत. आणि या साहेबांकडे कार्डाचे पैसे आहेत, पण ते लावायला कॉम्प्युटरच नाही!"

"दर पगाराला एक पार्ट घेणार आहे," तो जरा ओशाळून म्हणाला. "सुरुवात कार्डापासून."

"म्हणजे घराचा पत्ता नाही आणि पडदे आधी!" मी म्हणाले.

तो हसला. मनापासून, स्वतःवरच. पट्ट्याला मोजायची टेप लटकत होती, बोटांना ग्रीसचे डाग होते.

"मी लिफ्ट दुरुस्त करतो," मी टेपकडे बघतेय हे पाहून तो म्हणाला. "तुम्ही?"

"मी लोकांचे नंबर काढते."

"फोनचे?"

"चष्म्याचे!"

काका खोकल्यासारखं करून हसले. मला राग यायला हवा होता... आला नाही.

"पण तुम्हाला एवढं हेच कार्ड कशाला हवंय?" त्यानं विचारलं.

आता काय सांगणार? माझ्याकडे दादानं टाकून दिलेला लॅपटॉप होता. मी जो गेम खेळायचे त्यात डोंगरापलीकडे एक तळं होतं. लोक म्हणायचे, त्यात अख्खं आभाळ उतरतं. माझ्या लॅपटॉपवर मात्र ते ओल्या फरशीसारखं दिसायचं. करडं, सपाट.

"मला ते तळं बघायचंय," मी म्हणाले. "बास, एवढंच." बोलल्यावर माझं मलाच ते फार बालिश वाटलं.

तो हसला नाही. त्यानं पैसे काउंटरवर ठेवले आणि खोकं हळूच माझ्याकडे सरकवलं.

"कार्ड माझं. पण माझा बाकीचा कॉम्प्युटर जमेपर्यंत तुमच्याकडे राहू दे."

"आणि त्या बदल्यात?"

"तळं मलाही दाखवा."

रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर पार्ट मांडले. नव्या प्लॅस्टिकचा वास घरभर. तो इतक्या हलक्या हातानं स्क्रू फिरवत होता की मी जोडणीची पुस्तिका वाचून दाखवायची सोडून बघतच राहिले.

"एवढ्या पैशात खरं तळं बघून आली असतीस," आई म्हणाली. तरी तिसऱ्यांदा चहा घेऊन आली होती.

बटण दाबलं. पंखे घुमले. गेम सुरू झाला. मी डोंगर ओलांडला, आणि...

करडं. सपाट. तीच ओली फरशी.

एवढी काटकसर, एवढी धावपळ, आणि हे? तो टेबलामागे वाकला. वर आला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता.

"स्क्रीनची केबल... मी चुकीच्या जागी लावली. कार्डाला लावायची ती मुख्य बोर्डालाच लावून ठेवली."

"मग इतका वेळ कार्ड करत काय होतं?"

"नव्या जावयासारखं नुसतं बसून होतं," आई म्हणाली, आणि लगेच जीभ चावून आत पळाली.

त्यानं केबल बदलली. मी पुन्हा डोंगर चढले.

आणि मग... आभाळ खाली होतं. खरंच खाली होतं! संध्याकाळचे ढग पाण्यातून सरकत होते. डोंगराची कड काठाशी थरथरत होती. वर एक तारा उगवला, तसा खालीही उगवला. मी पाण्यात एक पाऊल टाकलं आणि अख्खं आभाळ हललं. मी दिवसभर लोकांना विचारते, "आता स्पष्ट दिसतंय?" त्या वेळी मला कुणी विचारलं असतं तर तोंडातून शब्द फुटला नसता.

"बाप रे," तो अगदी हळू म्हणाला.

मी वळून पाहिलं. तळ्याचा निळा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला होता, तोंड उघडं, हातातला चहा गार. इतकं भान हरपून बघणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. तिथेच माझी पंचाईत झाली. मला तळ्यापेक्षा त्यालाच बघावंसं वाटायला लागलं.

मग तो दर रविवारी यायला लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. यायचा तो सल्ला घ्यायला. आणि मी? मी प्रत्येक पार्टात खोट काढायचे.

"हा प्रोसेसर? फार तापतो म्हणे."

"तुझ्याकडे हाच आहे ना?"

"म्हणून तर सांगतेय!"

"बरं, ही रॅम?"

"रंग बघ तिचा. शी!"

"रंगानं काय होतं?"

"तुला काही दृष्टीच नाही. ये आमच्या चष्म्याच्या दुकानात, नंबर काढून देते."

तो निमूटपणे ऐकायचा आणि खरेदी पुढे ढकलायचा. माझं कारण उघड होतं — निदान मला तरी. त्याचा कॉम्प्युटर पूर्ण झाला की कार्ड जाणार. कार्ड गेलं की तळं जाणार. तळ्याचं मी सोसलं असतं हो... पण रविवार?

तरी एकेक पार्ट जमत गेला, आणि एक दिवस त्याचा फोन आला. "शेवटचा पार्ट घेतला. कॅबिनेट. रविवारी येतो कार्ड न्यायला."

"अरे वा, छान," मी म्हणाले, आणि समोरच्या आजोबांना भलत्याच कुणाचा चष्मा बांधून दिला.

रविवारी तो कॅबिनेट, म्हणजे सगळे पार्ट ज्यात बसवतात तो पत्र्याचा डबा, काखेत मारून आला. बाकीचे पार्ट त्यात बसवलेलेच होते. मी माझ्या कॉम्प्युटरमधून कार्ड काढलं. "घे," मी म्हणाले, "सांभाळ."

त्यानं कार्ड आत धरलं. जाईना. तिरकं केलं, तरी जाईना. चांगलं दोन बोटं बाहेर राहत होतं.

"बसत नाही," तो म्हणाला. चेहरा मात्र अजिबात पडला नव्हता.

मी कार्डाकडे बघितलं, मग त्याच्या पट्ट्याकडे. हा माणूस केसाएवढ्या फटीसाठी लिफ्टचं दार पुन्हा उतरवतो!

"टेप कशाला मिरवतोस? घेताना मोजलं नाहीस?"

"मोजलं की."

"मग?"

तो स्क्रूशी चाळा करत राहिला. कान पुन्हा लाल.

"आधी जो कॅबिनेट घेतला होता त्यात बसत होतं," तो म्हणाला. "म्हणून... परत जाऊन त्याहून लहान घेतला."

माझं काळीज इतक्या जोरात धडधडलं की स्वयंपाकघरात आईला ऐकू जाईल असं वाटलं.

"वेडा आहेस तू," मी कसंबसं म्हणाले. "कार्ड न्यायचंच नव्हतं तर सांगायचं सरळ."

"कार्डाचं नाही गं... मला इथून जायचं नव्हतं." त्यानं वर पाहिलं. तळ्याकडे बघताना जसं पाहिलं होतं, अगदी तसंच. "तू आवडतेस मला. खूप. त्या काउंटरवर खोक्यावरचा हात काढला नाहीस ना, तेव्हापासून."

मला किती काय काय बोलायचं होतं. पण मी नुसतं कार्ड त्याच्या हातून घेतलं, माझ्या कॉम्प्युटरमध्ये परत बसवलं आणि टक् आवाज येईपर्यंत दाबलं.

"त्या रॅमचा रंग चांगला होता," मी म्हणाले. "सगळेच पार्ट चांगले होते."

तो बघतच राहिला. मग हसत सुटला.

"जमलं का रे?" आईनं आतून विचारलं.

"जमलं, काकू!"

"अरे, खोटं काय बोलतोस?" मी कुजबुजले. "कार्ड कुठे बसलंय तुझं?"

"काकूंनी कार्डाचं कुठे विचारलं?" तो म्हणाला.

मी बटण दाबलं. या वेळी केबल जागच्या जागी होती. त्यानं स्टूल माझ्या खुर्चीला चिकटवून घेतलं आणि आम्ही दोघं डोंगर चढायला लागलो.